रिले बनवणारे जोसेफ हेन्री

आपल्या भित्तिपत्रकात आपण दर वेळी थोर माणसांची माहिती वाचतो. शिवाजी महाराज, सावित्रीबाई फुले, साने गुरुजी, बहिणाबाई चौधरी यांच्यावर मुलांनी लिहून झाले आहे. या वेळी मी अशा एका शास्त्रज्ञाची माहिती लिहीत आहे, की ज्यांचे नाव आमच्या वर्गात कोणालाच माहीत नव्हते. मलाही नव्हते. त्यांचे नाव जोसेफ हेन्री. पण त्यांनी शोधलेली एक वस्तू आमच्या वावरात, ट्यूबवेलजवळच्या लोखंडी पेटीत आहे. ती रोज टक् असा आवाज करते. तिचे नाव रिले.

मला हे कसे समजले ते आधी सांगतो. माझा चुलतभाऊ चोपड्याला नववीत शिकतो. त्याने विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोलचे गेट बनवले. गेटला खेळण्यातली छोटी मोटर लावली. मोटरला सेल जोडला की गेट उघडायचे. गेट बंद करायचे असेल तर सेल काढून उलटा बसवावा लागे. म्हणजे मोटरच्या ज्या तारेला धन टोक होते तिला ऋण टोक लावायचे, आणि ऋण होते तिथे धन लावायचे. वीज उलट्या बाजूने वाहू लागली की मोटर उलटी फिरते. हे तुम्हीही करून बघा. एका सेलवर होते, भीती नाही.

मग दादाने एक छोटा कॉम्प्युटर आणला. तो कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीसारखा नव्हे, माझ्या तळहातापेक्षा लहान हिरवी पट्टी होती. तिच्या शेजारी दोन निळ्या डब्या लावल्या. पहिली डबी टक् वाजली की गेट उघडे, दुसरी टक् वाजली की बंद होई. सेलला कोणी हात लावत नव्हते. मला ती जादू वाटली. मी विचारले तर दादा म्हणाला की या डब्यांना रिले म्हणतात, आणि रिलेची माहिती पाहिजे तर तुझ्या गुरुजींना विचार. मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी मला दोन दिवस मधल्या सुट्टीत बसवून जोसेफ हेन्री यांचे चरित्र सांगितले. तेच मी माझ्या शब्दांत लिहिले आहे.

जोसेफ हेन्री यांचा जन्म १७ डिसेंबर १७९७ रोजी अमेरिकेतील अल्बनी या गावी झाला. त्या वेळी आपल्याकडे पेशव्यांचे राज्य होते. त्यांचे आईवडील स्कॉटलंड देशातून आलेल्या लोकांपैकी होते. घरची फार गरिबी होती. वडील मजुरी करायचे आणि ते लवकर वारले. लहानपणी जोसेफला गॅलवे नावाच्या खेड्यात आजीकडे ठेवले होते. तिथे तो शाळेत जाई आणि शाळा सुटल्यावर एका दुकानात काम करी. असे सांगतात, की एकदा त्याचा पाळलेला ससा पळाला आणि एका चर्चच्या खाली घुसला. ससा धरायला जोसेफही रांगत आत गेला. वर फळीला भोक होते. त्यातून तो वर चढला तर तिथे गावाचे ग्रंथालय होते! ससा राहिला बाजूला आणि जोसेफ गोष्टींची पुस्तके वाचत बसला. तेव्हापासून त्याला वाचनाचा नाद लागला.

तेरा वर्षांचा झाला तेव्हा जोसेफला घड्याळे आणि चांदीच्या वस्तू करणाऱ्या कारागिराकडे कामाला लावले. म्हणजे तो माझ्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठा होता. पुढे त्याला नाटकाचे वेड लागले. तो नटच व्हायचा होता. पण सोळाव्या वर्षी आजारी पडला असताना विज्ञानाचे एक पुस्तक त्याच्या हाती आले. दगड वर फेकला तर तो परत खाली का येतो, असे प्रश्न त्यात होते. ते वाचून त्याने ठरवले की आता शिकायचे. हे पुस्तक त्यांनी म्हातारपणापर्यंत जपून ठेवले.

१८१९ साली ते अल्बनीच्या अकादमीत दाखल झाले. तिथली बाकीची मुले त्यांच्यापेक्षा लहान होती. फी माफ होती, पण पोटासाठी ते दुसऱ्या मुलांना शिकवायचे. मधे काही दिवस त्यांनी रस्त्याची मोजणी करण्याचे कामसुद्धा केले. शेवटी १८२६ साली ते त्याच शाळेत गणित आणि विज्ञानाचे शिक्षक झाले.

आता खरी गोष्ट सुरू होते. इंग्लंडमध्ये स्टर्जन नावाच्या गृहस्थांनी १८२५ साली विद्युतचुंबक बनवला होता. लोखंडाला तार गुंडाळायची आणि तारेतून वीज सोडायची. वीज आहे तोपर्यंत लोखंड चुंबक होते. वीज बंद केली की चुंबकपणा जातो. स्टर्जन यांचा चुंबक सुमारे चार किलो वजन उचलायचा. त्यांची तार उघडी होती, म्हणून वेढे एकमेकांना लागू नयेत यासाठी ते लांब लांब घ्यावे लागत. हेन्री यांनी तारेलाच रेशीम गुंडाळले. मग वेढे खेटून घेता आले, एकावर एक थर देता आले. १८३१ साली त्यांनी येल या कॉलेजसाठी केलेल्या चुंबकाने दोन हजार पौंडांपेक्षा जास्त वजन उचलले. म्हणजे नऊ क्विंटलच्या वर! कापूस मोजताना एक क्विंटल केवढा दिसतो ते आपल्याला माहीत आहे. तसे नऊ क्विंटल एका चुंबकाने धरून ठेवले, आणि वीज तर एका लहानशा बॅटरीचीच होती.

मीही घरी एका खिळ्याला तार गुंडाळून बघितले. वीस वेढ्यांना चार टाचण्या आल्या. चाळीस वेढ्यांना नऊ आल्या. तार गरम होते म्हणून लगेच सोडावी.

हेन्री यांना प्रयोगाला वेळच मिळत नसे. ते दिवसाचे सात तास शिकवायचे. प्रयोगाला फक्त ऑगस्ट महिन्याची सुट्टी मिळायची, कारण तेव्हा वर्ग रिकामा असे. सुट्टी संपली की सगळ्या तारा गुंडाळून ठेवायच्या. यामुळे त्यांचे एक मोठे नुकसान झाले. चुंबकापासून वीज तयार होते हे त्यांना समजले होते. पण इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांनीही तेच शोधले आणि त्यांनी ते आधी जाहीर केले. म्हणून तो शोध फॅरडे यांच्या नावावर गेला. मला हे ऐकून वाईट वाटले. पण हेन्री भांडले नाहीत. पुढे १८३७ साली ते लंडनला गेले तेव्हा फॅरडे यांना भेटलेसुद्धा.

हेन्री यांचा एक शोध मात्र त्यांच्याच नावावर राहिला. तारेच्या गुंडाळीतून वीज जात असताना ती एकदम तोडली, तर तुटल्या जागी ठिणगी उडते. गुंडाळीला वीज एकदम सोडवत नाही. आपण सायकल जोरात चालवून ब्रेक दाबला तरी ती थोडी पुढे जाते, तसे ते आहे. हा शोध त्यांनी १८३२ साली छापला. त्याला स्वयंप्रवर्तन असे म्हणतात. दादाच्या रिलेजवळ एक काळा बारीक डायोड होता, त्यावर चंदेरी पट्टी होती. रिले बंद होताना गुंडाळीतून जो झटका येतो तो कॉम्प्युटरपर्यंत जाऊ नये, म्हणून तो डायोड लावतात. म्हणजे हेन्री यांनी सांगितलेल्या झटक्याची काळजी आज बी घ्यावी लागते.

१८३१ सालीच हेन्री यांनी एक गमतीचे यंत्र केले. तराजूच्या दांडीसारखा एक लोखंडी दांडा, त्यावर तार गुंडाळलेली. दांड्याच्या दोन्ही टोकांखाली एकेक साधा चुंबक उभा होता. दोन्ही बाजूंना एकेक बॅटरी होती. दांड्याचे उजवे टोक खाली गेले की त्याच्या तारा उजव्या बॅटरीला लागत. त्यामुळे दांड्यात अशी वीज वाही की उजवे टोक खालच्या चुंबकापासून दूर ढकलले जाई. मग डावे टोक खाली जाई आणि डाव्या बॅटरीला लागे. तिथे वीज उलट्या दिशेने वाही. म्हणून डावे टोक वर ढकलले जाई. असा तो दांडा आपोआप वर-खाली होई, एका मिनिटात ७५ वेळा! धन आणि ऋण टोकांची अदलाबदल दांडा स्वतःच करत होता. हेन्री त्याला खेळणेच समजत. पण दादाच्या गेटमध्ये जी उलट-सुलट चालते, तीच या खेळण्यात होती. फरक एवढाच की तिथे दांडा अदलाबदल करायचा आणि इथे कॉम्प्युटर करतो.

त्याच काळात त्यांनी वर्गाच्या भिंतींवरून एक मैलापेक्षा लांब तार फिरवली. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला चुंबक आणि घंटी. इकडे तार जोडली की तिकडे घंटी वाजे. मुलांना केवढी मजा आली असेल!

१८३२ साली त्यांना प्रिन्स्टनच्या कॉलेजात प्राध्यापक म्हणून बोलावले. तिथे त्यांच्यापुढे एक अडचण होती. तार फार लांब असली की वीज अशक्त होते. अशक्त विजेने लहान चुंबक हलतो, पण जड काम होत नाही. मग १८३५ च्या सुमारास त्यांनी युक्ती काढली. लांबून आलेल्या अशक्त विजेने फक्त एक छोटी तार उचलायची. आणि त्या छोट्या तारेने जवळच्या मोठ्या बॅटरीचा रस्ता चालू किंवा बंद करायचा. जड काम मोठी बॅटरी करील, लांबच्या विजेने फक्त इशारा द्यायचा. वर्गात ते मोठ्या चुंबकाला खूप वजन लटकवत. मग लांबून इशारा करून त्याची वीज तोडत, आणि वजन धाडकन खाली पडे. हाच रिले.

गुरुजींनी आम्हाला असे समजावले, की बैलगाडी ओढायला बैलाचे बळ लागते, पण बैल वळवायला कासरा पुरतो. कासरा धरणारा लहान मुलगा असला तरी चालते. रिले म्हणजे कासरा आहे.

दादाचा कॉम्प्युटर एका पायातून सुमारे वीस मिलिअँपियर वीज देऊ शकतो. रिलेच्या गुंडाळीला सत्तरच्या आसपास लागते. म्हणून मधे एक ट्रान्झिस्टर असतो. कॉम्प्युटर ट्रान्झिस्टरला सांगतो, ट्रान्झिस्टर रिलेला सांगतो आणि रिले मोटरला वीज देतो. प्रत्येक रिलेत एक पत्रा असतो. तो पत्रा मोटरच्या एका तारेला जोडलेला. रिले झोपलेला असताना पत्रा ऋण टोकाला टेकतो. टक् झाले की तो धन टोकाला जाऊन चिकटतो. दोन्ही रिले झोपलेले असले की मोटरच्या दोन्ही तारा ऋणाला, म्हणून मोटर उभी राहते. पहिला टक् झाला की मोटर सुलटी. दुसरा टक् झाला की उलटी. दोन्ही एकदम टक् झाले तरी दोन्ही तारा धनाला, म्हणून मोटर उभीच. मी वहीत चित्र काढून चारी वेळा तपासले. बरोबर आले.

दादाकडून पहिल्यांदा एक चूक झाली होती. त्याने गेट उघडत असतानाच एकदम उलटा हुकूम दिला. मोटरच्या प्लास्टिकच्या चाकाचा दात मोडला. मग त्याने मधे एक सेकंद थांबायचे असे लिहिले. तेव्हापासून गेट नीट चालते.

प्रिन्स्टनला हेन्री यांनी १८३६ साली कॉलेजपासून आपल्या घरापर्यंत तार नेली. तिच्यावरून ते बायकोला घरी इशारा पाठवत, जेवायला येतो म्हणून वगैरे. आता आपण मोबाईलवर मिस कॉल देतो, तसेच हे झाले.

पुढे मोर्स यांनी तारायंत्र केले. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला मोठा संदेश गेला. लांबच्या तारेसाठी त्यांनी रिलेचीच युक्ती वापरली. मोर्स यांचे नाव झाले, पैसाही झाला. हेन्री यांनी आपल्या चुंबकाचे किंवा रिलेचे पेटंट कधी घेतले नाही. विज्ञान सगळ्यांचे असते, असे त्यांना वाटे. पुढे पेटंटचे खटले झाले तेव्हा त्यांना कोर्टात साक्ष द्यावी लागली. त्यांनी खरे ते सांगितले, तर मोर्स त्यांच्यावर चिडले आणि त्यांच्याविरुद्ध लिहिले.

मला मोर्स यांचा राग आला. मी घरी आजीला सांगितले. आजी म्हणाली की विहीर एकाने खोदावी आणि पाणी गावाने प्यावे, त्यात रागवायचे काय. पण खोदणाऱ्याचे नाव तरी गावाने ठेवावे. आजीला तार माहीत आहे. तिच्या लहानपणी गावात तार आली की बाया वाचायच्या आधीच रडायला लागायच्या, कारण तार म्हणजे कोणीतरी गेल्याची खबर. आपल्या देशातली तारसेवा २०१३ साली जुलै महिन्यात बंद झाली.

१८४६ साली हेन्री वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे पहिले सचिव झाले. तिथे त्यांनी तारांचा वेगळाच उपयोग केला. गावोगावच्या तारमास्तरांकडून ते हवामानाची खबर मागवत आणि भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर रंगीत चकत्या टांगत. कुठे पाऊस आहे, कुठे ऊन आहे, ते लोक येऊन बघत. वादळ आधी कळले तर माणूस सावध होतो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी वारावादळ येते आणि केळीच्या बागा आडव्या होतात. म्हणून मला हे काम फार आवडले. जहाजांसाठी असलेल्या दीपगृहांच्या मंडळावरही त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले. १८६५ साली संस्थेच्या इमारतीला आग लागली. त्यात त्यांची खूप कागदपत्रे जळली. तरी त्यांनी काम सोडले नाही.

१८७५ साली एक तरुण त्यांच्याकडे आला. त्याच्या डोक्यात तारेवरून आवाज पाठवायची कल्पना होती, पण विजेचे ज्ञान आपल्याला कमी आहे असे तो म्हणत होता. हेन्री तेव्हा ७७ वर्षांचे होते. त्यांनी त्याला सांगितले की ते ज्ञान मिळव. तो तरुण म्हणजे टेलिफोनचे शोधक ग्रॅहम बेल.

१३ मे १८७८ रोजी जोसेफ हेन्री वारले. १८९३ साली शास्त्रज्ञांनी विजेच्या एका एककाला हेन्री असे नाव दिले. आजीचे म्हणणे तिथे खरे झाले.

हेन्री यांच्यानंतर रिलेने आणखी मोठे काम केले. १९४१ साली जर्मनीत झुझे यांनी दोन हजारांहून जास्त रिले जोडून हिशेब करणारे यंत्र बनवले. म्हणजे आधी कॉम्प्युटरच रिलेचे होते! १९४७ साली अमेरिकेत अशाच एका यंत्रात बिघाड झाला. उघडून बघतात तर रिलेमध्ये एक पतंग किडा अडकलेला. त्यांनी तो किडा वहीत चिकटवून ठेवला. हे ऐकून आमचे आप्पा खूप हसले. कारण आमच्या स्टार्टरच्या पेटीत पाल शिरली होती तेव्हा मोटर दोन दिवस बंद होती.

आता आमच्या पेटीबद्दल लिहितो. आमच्या केळीला ट्यूबवेलचे पाणी आहे. शेतीची लाईन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची असली की आप्पा हातात बॅटरी आणि काठी घेऊन मोटर सुरू करायला जायचे. वावर सातपुड्याच्या बाजूला आहे. त्या बाजूला बिबट्याच्या पावलांचे ठसे दिसतात आणि साप तर असतातच. मागच्या हिवाळ्यात एकदा आप्पांच्या पायाजवळून नाग गेला. त्या रात्री माय बोलली नाही, फक्त दारात बसून राहिली. मीही जागाच होतो.

त्यानंतर आप्पांनी मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. त्यात सिमकार्ड आहे आणि छोटा कॉम्प्युटर आहे. आप्पा घरून फोन लावतात. तिकडे कॉम्प्युटर आधी तिन्ही फेज बघतो. रिले टक् करतो. मग मोठा कॉन्टॅक्टर ठक् करून मोटर ओढतो. कॉन्टॅक्टर म्हणजे मोठा रिलेच. शेतातली मोटर सेलवर चालत नाही, तिथे तीन फेज असतात आणि धन-ऋण टोके नसतात. पण तीनपैकी दोन तारांची अदलाबदल झाली तर ती मोटरही उलटी फिरते आणि पाणी कमी येते. एकदा दुरुस्तीनंतर तसे झाले होते. आता तसे झाले तर कॉम्प्युटर मोटर सुरूच करत नाही. आम्ही मुले मात्र त्या पेटीला हात लावत नाही. तुम्हीही लावू नका.

हा लेख मी आप्पांना वाचून दाखवला. त्या दिवशी रात्रीची लाईन होती. आप्पांनी अंथरुणातूनच फोन लावला. पलीकडून मोटर चालू झाल्याचा आवाज आला, आणि माय दिवा बंद करून झोपली.

यंदा १७ डिसेंबरला गुरुजी वर्गात जोसेफ हेन्री यांची जयंती करणार आहेत. प्रत्येकाने एक खिळा आणि तार आणायची आहे. ज्याच्या चुंबकाला जास्त टाचण्या येतील त्याचे नाव फळ्यावर लिहिणार आहेत. अशा या थोर शास्त्रज्ञाला माझे वंदन.

इयत्ता ४ थी, ता. चोपडा, जि. जळगाव